युनियनचा नेता गेटच्या आत येऊ शकतो का?

बसवकल्याणहून महामार्गाला लागून उमरग्याकडे निघालं की वाटेत कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. भाषा तीच, सोयरीकही दोन्हीकडे. म्हणून उमरग्यात ऐकलेला कायदा कर्नाटकातल्या हुमनाबादच्या कारखान्यातही चालतो, असं कामगार धरून चालतात. यातून माणसाचं नुकसान होतं, म्हणून हे लिहायचं.

गैरसमज : युनियनच्या पदाधिकाऱ्याला कारखान्यात येण्याचा हक्क देशभर आहे.

वस्तुस्थिती : असा सरसकट हक्क केंद्राच्या कायद्यात नाही. महाराष्ट्रात 1971 च्या राज्य कायद्याचं कलम 20 आहे. मान्यताप्राप्त युनियनच्या अधिकृत माणसांनी पगाराच्या जागी वर्गणी गोळा करावी, आवारात नोटीस बोर्ड लावावा, तंटा मिटवण्यासाठी कामात अडथळा न आणता सभासदांशी आवारातच बोलावं, गरज पडल्यास कामाची जागा पाहावी, हे त्यात लिहिलेलं आहे. तो कायदा महाराष्ट्राच्या हद्दीत संपतो. मालकाच्या आवारात सभा घेण्याचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या निरंजन सिंग खटल्यात 1969 मध्येच सांगितलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता एवढंच म्हणते की वाटाघाटी करणाऱ्या युनियनला नियमांत ठरतील त्या सुविधा द्याव्यात. बसवकल्याणच्या खासगी कारखान्यासाठी हे नियम करणारं सरकार बंगळुरूचं.

गैरसमज : ही संहिता संसदेत कुणी तपासलीच नाही.

वस्तुस्थिती : तपासली, पण तपासणाऱ्यांचं पूर्ण ऐकलं नाही. 2019 चं विधेयक भर्तृहरी महताब यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीकडे गेलं, एप्रिल 2020 मध्ये अहवाल आला. ले-ऑफ, कामगारकपात आणि कारखाना बंद करण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर न्यावी, पण तो आकडा कायद्यातच पक्का ठेवावा, असं समितीने सुचवलं. सरकारने 300 घेतलं आणि अधिसूचनेने तो आणखी वाढवण्याची मुभाही स्वतःकडे ठेवली. संपाच्या नोटिशीची सक्ती पाणी, वीज अशा लोकोपयोगी सेवांपुरतीच ठेवा, ही शिफारसही डावलली गेली. सुधारित विधेयक 19 सप्टेंबर 2020 ला मांडलं आणि 23 तारखेला राज्यसभेतूनही मंजूर झालं, विरोधी बाकं रिकामी असताना. कामगाराच्या पोटाशी निगडित कायद्याला एवढी घाई मला गैर वाटते. याउलट 1938 मध्ये मुंबई विधानसभेत संपावर बंधनं आणणारं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर सभागृहात त्याविरुद्ध लढले आणि 7 नोव्हेंबरला त्याच्या निषेधार्थ एका दिवसाचा संपही झाला.

गैरसमज : आता संपावर बंदी आहे.

वस्तुस्थिती : बंदी नाही. 14 दिवस आधी लेखी नोटीस हवी आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तोही संपच धरतात.

गैरसमज : 300 पेक्षा कमी कामगार असले की मालक कुणालाही विनामोबदला काढू शकतो.

वस्तुस्थिती : फक्त सरकारी परवानगीची अट जाते. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावीच लागते.

तेव्हा युनियनवाल्यांनो, महाराष्ट्राच्या कलमाचा दाखला गेटवर देऊ नका. कर्नाटकच्या नियमांची प्रत कामगार खात्याकडून मागून घ्या, आणि प्रवेशाचा हक्क त्यात स्पष्ट नसेल तर तो लिहून घेण्यासाठी आपल्या आमदारामागे लागा.