खाणजलातील मत्स्यसंवर्धन

खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून त्यात गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याचा व्यवसाय. नागपूर जिल्ह्यात कामठी, सावनेर, उमरेड या भागांत दगडी कोळशाच्या खाणी असून त्यांतील काम चालू ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते. कोळशातील पायराइटाचे ऑक्सिडीभवन झाल्यास हे पाणी अम्लधर्मी व लोहयुक्त बनते. म्हणून ते टाक्यांत निवळू देतात, जरूर तेथे चुना घालतात व त्यात हवा खेळवितात. पीएच मूल्य ६.५ ते ८.५ आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिग्रॅ.पेक्षा अधिक असल्यास कटला, रोहू व मृगळ चांगले वाढतात. हे मासे अनुक्रमे पृष्ठभागावरील, मधल्या थरातील व तळाचे खाद्य खात असल्याने ते एकत्र वाढविता येतात. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणखड्ड्यांचे काठ उभे व पाणी खोल असल्यामुळे तेथे ओढजाळे चालत नाही. अशा ठिकाणी तरंगते पिंजरे सोयीचे ठरतात.

आंध्र प्रदेशातून बर्फात येणाऱ्या मासळीपेक्षा स्थानिक मासळी ताजी, हा विक्रीतील मुख्य लाभ होय. तथापि शिसे, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्ये माशांच्या शरीरात साठत जातात. त्यामुळे पाणी केवळ नितळ दिसणे पुरेसे नसून पाण्याची व माशांच्या मांसाची नियमित तपासणी ही ग्राहकाच्या आरोग्याची आणि बाजारपेठेच्या विश्वासाचीही पहिली अट ठरते.