पेजेचा हिशेब

गेल्या वर्षभरात मंडळातल्या तीन घरांतून मला जवळजवळ सारखाच फोन आला. "तुमच्या दादांच्या वेळी खाण्यापिण्याचं तुम्ही कसं जमवलं होतं?" एकाचे सासरे सोलापूरला, एकीचा भाऊ नागपूरला, तिसऱ्यांचं दुखणं इथलंच. प्रत्येक वेळी तासभर बोलणं झालं आणि फोन ठेवल्यावर काहीतरी सांगायचं राहिलंच. संपादकांनी पुरवणीसाठी लेख मागितला, तेव्हा ठरवलं की एकदा सगळं कागदावर उतरवावं. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते रासायनिक अभियांत्रिकीतल्या पीएच. डी. मुळे, आणि पोट भरतं ते सॉफ्टवेअरवर. त्यामुळे औषधोपचाराबद्दल वाचकांनी आपल्या खऱ्या डॉक्टरांनाच विचारावं. मी लिहिणार आहे ते रोग्याच्या पोटात काय गेलं, किती गेलं आणि त्याचा हिशेब कसा ठेवावा, एवढ्याबद्दलच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दादाच्या गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग निघाला. पंचवीस वर्षं तंबाखू-चुना, जोडीला सुपारी. आपल्याकडे हे दुखणं नेमकं या जागी फार दिसतं, कारण तंबाखूचा बार तिथेच धरलेला असतो. सुपारी एकटीसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिला कर्करोगकारक ठरवलं आहे. असो. सप्टेंबरमध्ये पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळीनंतर किरणोपचार सुरू झाले: आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे, एकूण ३० वेळा. शिवाय दर आठवड्याला एकदा सिसप्लॅटिन हे औषध शिरेतून.

मी पोचलो तेव्हा तिसरा आठवडा चालू होता. फोनवर रोज विचारायचो, "जेवलास का?" आणि रोज उत्तर यायचं, "हो, जेवलो." प्रत्यक्षात समोर बघितलं तर गळ्याजवळचा शर्ट सैल झालेला. उपचार सुरू होताना वजन ६४ किलो होतं, ते आता ६१ झालं होतं.

वजनाचा प्रश्न नुसत्या अशक्तपणाचा नसतो, हे मला तिथल्या तंत्रज्ञाने समजावलं. किरणोपचाराच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा मुखवटा बनवतात आणि किरणांचा सगळा आराखडा त्या मापावर बेतलेला असतो. गाल आणि मान वाळली की मुखवटा सैल होतो, आतले अवयव किंचित सरकतात आणि पुन्हा स्कॅन करून नवा आराखडा करावा लागू शकतो. त्याहून वाईट म्हणजे रोगी इतका खंगला की उपचार मध्येच थांबवावे लागले, तर तेवढ्या दिवसांत उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. या रोगात किरणोपचारात खंड पडला की यशाची शक्यता कमी होते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. म्हणजे जेवण हा उपचाराचाच भाग.

तरी माणूस का जेवत नाही? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाचं आतलं अस्तर सोलवटून निघतं. एरवी हे अस्तर सतत नवं होत असतं. किरणांमुळे नव्या पेशी तयार होणं मंदावतं आणि जुन्या झडतच राहतात. त्यात लाळ आटते. निरोगी माणसाची लाळ दिवसाला अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत असते. ती गेली की मऊ भातही तोंडात वाळूसारखा फिरतो. चव जाते किंवा भलतीच लागते. दादा म्हणाला, "वरण आहे का भिंतीचा चुना, डोळे मिटले तर मला कळणार नाही."

वहिनी काही कमी करत नव्हत्या. पहाटे उठून तांदळाची पेज, दुपारी मुगाचं कढण, शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस. दिवसभर काही ना काही चालू असे, म्हणून "जेवले" हे उत्तर खोटंही नव्हतं. मी एक वही घेतली आणि एका दिवसाचं सगळं लिहून काढलं. चार वाट्या पेज, पण त्यात तांदूळ अवघे १०० ग्रॅम: सुमारे ३४५ कॅलरी. कढणात डाळ ३० ग्रॅम: १००. दोन शहाळी: १००. मोसंबीचा रस दोन पेले: २००. दोन कप चहा: १००. बेरीज साडेआठशेच्या आसपास, आणि प्रथिनं वीस ग्रॅमसुद्धा नाहीत. कर्करोगाच्या रोग्याला दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात असा सर्वसाधारण दंडक आहे. दादाच्या वजनाला ते सुमारे १,९०० कॅलरी आणि ७५ ते ९५ ग्रॅम प्रथिनं होतात. म्हणजे दिवसभर खाऊन निम्मंही जात नव्हतं! वहिनींनी वही बघितली आणि म्हणाल्या, "भाऊजी, मग मी इतके दिवस त्यांना नुसतं पाणीच पाजत होते का?" त्या क्षणी हिशेब मांडल्याचा मला पश्चात्ताप झाला. पण दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक बदलला.

त्यामागचं तत्त्व सोपं आहे. रोगी दिवसाला जेवढे घोट गिळू शकतो त्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून प्रत्येक घोटातला ऐवज वाढवायचा. पेज पाण्याऐवजी म्हशीच्या दुधात शिजवली. वाटीला एक मोठा चमचा तूप, की १२० कॅलरी वाढल्या. दुधात ३० ग्रॅम दुधाची भुकटी ढवळली की दहा ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि घोट तेवढेच राहतात. मऊ शिजवलेलं अंडं मिक्सरमधून काढून खिमटात. नाचणीचं सत्त्व दुधात. पिकलेलं केळं आणि दूध. गोड दह्याची पातळ लस्सी. मोसंबी, टोमॅटो, चिंच पूर्ण बंद, कारण सोललेल्या तोंडावर आंबट म्हणजे निखारा. तिखट तर नाहीच. सगळं कोमट किंवा गार, दर दोन तासांनी पाऊण वाटी.

खाण्यापूर्वी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक. ही वेळ साधणं फार महत्त्वाचं, कारण बहुतेक घरांत आधी जेवायचा प्रयत्न होतो आणि दुखलं की मग गोळी दिली जाते. तोंड बधिर करणारं औषध दिलं असेल तर गिळताना ठसका लागत नाही ना, तेही बघावं. दिवसातून पाच-सहा वेळा चूळ: एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खायचा सोडा. बाजारातले अल्कोहोल असलेले माउथवॉश नकोत. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर "उष्णता" म्हणून सोडून देऊ नये. ती बुरशी असू शकते आणि तिच्यावर औषध आहे.

नातेवाईकांचा एक अध्याय वेगळा लिहावा लागेल. साखरेने कर्करोग पोसतो, दूध बंद करा, गव्हांकुराचा रस द्या. एका काकांनी तर दादाचा गूळसुद्धा तोडला होता. साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, रोगी मात्र वाळतो. मधुमेह असेल तर औषधाचा डोस डॉक्टरांकडून बसवून घ्यावा, जेवण कापू नये. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना घरी काढलेले कच्चे रस म्हणजे जंतूंना आमंत्रणच.

आता पाणी. इथे माझीच चूक झाली. कॅलरीच्या नादात मी पाण्याचा रकाना वहीत आखलाच नाही. चौथ्या सिसप्लॅटिननंतर दादाला दोन दिवस उलट्या झाल्या. हे औषध मूत्रपिंडांना जड असतं, म्हणूनच ते देताना शिरेतून भरपूर सलाइन देतात आणि पुढचे दिवस पाणी पीत राहायला सांगतात. आम्ही मात्र "तोंड कोरडं पडलंय का" एवढंच बघत होतो. अशा रोग्याचं तोंड लाळेअभावी कायमच कोरडं असतं, त्यावरून काहीच कळत नाही! कळलं ते वजनावरून. तीन दिवसांत ६१ वरून ५८.९. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तीन दिवस कडकडीत उपास केला तरी एवढ्याने पाऊण किलोच्या आसपासच चरबी जाईल. दोन किलो गेले, ते बहुतेक पाणीच असणार. वजनाच्या काट्याने ओरडून सांगितलेलं मी एक दिवस उशिरा ऐकलं. क्रिएटिनिन १.० वरून १.८ वर गेलेलं. दोन दिवस रुग्णालयात सलाइन लावावं लागलं. किरणोपचार चालू राहिले, पण पुढच्या आठवड्याचं सिसप्लॅटिन डॉक्टरांनी रद्द केलं.

त्यानंतर वहीत रकाने वाढले: रोज सकाळी त्याच काट्यावर वजन, दिवसभरात गेलेलं एकूण पातळ, लघवी किती वेळा आणि रंग कसा, उभं राहताना चक्कर येते का. दर किलोमागे ३० ते ३५ मिलिलिटर, म्हणजे दादाला दोन लिटरच्या थोडं पुढे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. तशा रोग्याला शहाळ्याचं पाणीही विचारूनच द्यावं, त्यात पोटॅशियम बरंच असतं. उलटीच्या दिवसांत नुसतं पाणी पुरत नाही. तेव्हा आपली जुनी जलसंजीवनी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमच्याचमच्याने. १९७१ च्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या तत्त्वावर पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले होते. उलट्या दिवसभरात थांबल्या नाहीत तर मात्र घरगुती उपाय पुरे करून रुग्णालय गाठावं.

या प्रसंगानंतर नाकातून नळी घालायचा विषय निघाला. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस त्याने ती सोसली होती. शिवाय आपल्याकडे समजूत अशी, की नळी लागली म्हणजे माणूस संपला. खरं तर नळी म्हणजे सोललेल्या रस्त्याला काढलेली वळणवाट. चार आठवड्यांहून अधिक लागणार असं दिसलं तर नाकाऐवजी पोटातून घालतात. ही पद्धत १९८० मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. दादाने नाकातलीच स्वीकारली, वहिनी रडल्यावर.

हिशेब असा बसला: दर अडीच तासांनी २५० मिलिलिटर, दिवसातून सात वेळा, मिलिलिटरला साधारण एक कॅलरी पडेल असं घट्ट, म्हणजे १,७५० कॅलरी. आधी आणि नंतर ३०-३० मिलिलिटर पाणी नळीतून सोडायचं, त्याने नळी तुंबत नाही आणि ४२० मिलिलिटर पाणीही आपोआप जातं. मिश्रण मलमलीतून गाळायचं. एकदा मी आळस केला आणि खिमटाच्या एका कणाने नळी बंद पाडली. देताना रोगी बसलेला हवा आणि नंतरही तासभर आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, विचारून घ्यावं.

नळी असली तरी गिळणं सोडायचं नाही. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हे निक्षून सांगितलं होतं. ठसका लागत नसेल तर रोज थोडे घोट तोंडाने घ्यायचेच. महिनाभर न वापरलेले घशाचे स्नायू आखडतात आणि मग जखमा भरल्या तरी घास उतरत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर तिसावा किरणोपचार झाला. पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसाच्या विमानाने मी परत आलो. तिकीट तसंच काढलं होतं, कारण उपचार संपले म्हणजे दुखणं संपलं असा माझा समज. प्रत्यक्षात तोंडाची सर्वांत वाईट अवस्था पुढच्या एक-दोन आठवड्यांत येते. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडलेला असतो, मदतीला आलेले निघून जातात आणि नेमकं तेव्हाच खाणं तळाला जातं. आज कोणी रजा कधी घेऊ म्हणून विचारलं तर मी सांगतो, शेवटचे दोन आणि नंतरचे तीन आठवडे. फोनवर "जेवलास का?" विचारू नका. आजचं वजन किती, पातळ किती गेलं, लघवी किती वेळा झाली, हे विचारा.

दादाची नळी जानेवारीत निघाली. वजन ६० वर स्थिरावलं. चव हप्त्याहप्त्याने आली, आधी गोड, आणि पूर्ण व्हायला वर्ष लागलं. लाळ पूर्वीसारखी आलीच नाही. पाण्याची बाटली सतत जवळ असते, आणि लाळेविना दात लवकर किडतात म्हणून दंतवैद्याकडे ठरावीक फेऱ्या. भाकरी आमटीत कुस्करून खातो. तोंड उघडायचा व्यायाम अजून चालू आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. सुरुवातीला नऊ काड्या बसत होत्या, आता पंधरा बसतात. सोळावीवर त्याची खटपट चालू आहे.