ताटातूट वाचायची तर 'स्मृतिचित्रे'

घर तुटतं कसं, हे लक्ष्मीबाई टिळकांनी या आत्मचरित्रात सांगितलंय तितकं रोखठोक मराठीत क्वचितच कुणी लिहिलंय. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. नवरा हयात, पण सोबत नाही!

पुन्हा एकत्र आल्यावरही दुरावा लगेच मिटला नाही. बाई सोवळं पाळत, आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवत. हे सोवळं हळूहळू सुटत गेलं, तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. इतकं सोसूनही टिळकांबद्दल कडवटपणा नाही. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण मिळाली तर पूर्णच वाचा.