घरचा कारभारी बदलला

घरातली जुनी वस्तू बदलायची म्हटली, की आपल्या मंडळींच्या जिवावर येते. आमच्या माळ्यावर पितळी बंब आहे. त्यात पाणी तापून पंचवीस वर्षे तरी झाली असतील, पण "असू द्या, कधी लागेल!" या आईच्या एका वाक्यावर तो दर दिवाळीच्या साफसफाईतून सहीसलामत सुटतो. अशा या आमच्या घरात २०२५ च्या दिवाळीत एक मोठीच उलथापालथ झाली. आम्ही घरातल्या संगणकाचा कारभारी बदलला!

कारभारी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. इंग्रजीत ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, त्याचे काम जुन्या वाड्यातल्या कारभाऱ्यासारखेच असते. वाडा म्हणजे यंत्र. वाड्यात राबणारी माणसे म्हणजे पत्र लिहिण्याचे, हिशेब ठेवण्याचे, चित्रे दाखवण्याचे निरनिराळे प्रोग्रॅम. पण किल्ल्यांचा जुडगा कारभाऱ्याच्या कमरेला. कोणाला किती जागा द्यायची, कोणता कागद कोणत्या कोठीत ठेवायचा, छापण्यासाठी काय धाडायचे, हे सारे तोच ठरवतो. मालकाला त्याचे अस्तित्व एरवी जाणवतही नाही. तो निघून जातो म्हणाला, म्हणजे मात्र जाणवते.

निरोपाची चिठ्ठी

आमचा हा संगणक २०१५ च्या सिंहस्थात घरी आला. त्र्यंबकेश्वरात काळाची मोजणी अशीच होते. माणसांची वयेसुद्धा येथे सिंहस्थावरून सांगतात. त्याच वर्षी २९ जुलैला मायक्रोसॉफ्टचे 'विंडोज १०' बाजारात आले आणि आमच्या वाड्यात तोच कारभारी नांदू लागला. पुढचा सिंहस्थ येण्याआधीच त्याने निरोपाची चिठ्ठी दाखवली. १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, या दिवसापासून त्याची नेहमीची देखभाल बंद होणार होती.

देखभाल बंद म्हणजे यंत्र बंद, असा अनेकांचा समज झाला. तसे नव्हे. यंत्र चालूच राहते. मात्र चोरांनी नवी युक्ती शोधली, तर कुलूप दुरुस्त करायला कोणी येत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कंपनीने काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देऊ केली होती. पण मुदतवाढ म्हणजे दुखणे पुढे ढकलणे.

मी नाशिकला जाऊन दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "सर, तुमच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, प्रोसेसरही नव्या पिढीचा लागतो. नवीनच घ्या. पंचेचाळीस हजारांत चांगला येईल."

दहा वर्षांत ज्याचा एक स्क्रूही ढिला झाला नाही, ते यंत्र निव्वळ कारभारी जातो म्हणून भंगारात काढायचे? रात्री जेवताना मी हा प्रश्न पानावर घेतला. तेव्हा आमची कन्या, जी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शांतपणे म्हणाली, "बाबा, यंत्र बदलू नका. कारभारी बदला. लिनक्स घालू या."

पुदिना आणि दालचिनी

लिनक्सची कथा ऐकण्याजोगी आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा संकल्प सोडला, की संगणकाची कार्यप्रणाली सर्वांना वापरता, पाहता, सुधारता आणि वाटता आली पाहिजे. तिचे बरेचसे भाग तयार झाले, परंतु गाभा अडून राहिला. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःपुरता एक गाभा लिहिला आणि तो जगापुढे ठेवला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच लिनक्सचा गाभा आहे. म्हणजे ज्याला आम्ही परका समजत होतो, तो घरातल्या चार माणसांच्या खिशात आधीच राहायला आला होता!

लिनक्सचे प्रकार अनेक. कन्येने त्यांतला 'मिंट' निवडला. तो २००६ सालापासून आहे, विंडोजची सवय असलेल्याला फारसा बुजवत नाही, आणि जुन्या यंत्रावरही चालतो. त्याला मोल द्यावे लागत नाही. मिंट म्हणजे पुदिना, आणि त्याच्या पडद्याच्या मांडणीचे नाव सिनॅमन, म्हणजे दालचिनी. हे ऐकून आईचे मत तत्काळ अनुकूल झाले. "नावे तरी घरगुती आहेत," ती म्हणाली.

विरोध आला तो अप्पांकडून. अप्पा म्हणजे माझे वडील; वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. "चालते आहे ते मोडायचे कशाला? आणि दुसऱ्या कोणी हे केले आहे का?"

केले होते. केरळातल्या सरकारी शाळा या मार्गाने कधीच गेल्या होत्या. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रांताने २०२४ साली आपले सुमारे तीस हजार संगणक याच वाटेने नेण्याचे जाहीर केले. पण त्याच जर्मनीत म्यूनिक शहराने मोठ्या हौसेने लिनक्स आणले आणि २०१७ साली विंडोजकडे परत जाण्याचे ठरवले, हेही कन्येने प्रामाणिकपणे सांगितले.

"ते परत का फिरले, ते आधी बघा," अप्पा म्हणाले. त्यांचे म्हणणे रास्त होते. कारभारी बदलणाऱ्याने पहिल्यांदा हेच पाहावे, की आपले कोणते काम जुन्या कारभाऱ्यावाचून अडते.

तीन दिवसांची परीक्षा

लिनक्सची एक सोय मला फार आवडली. ते एका पेनड्राइव्हवर घ्यावे, त्यावरून संगणक सुरू करावा आणि हार्डडिस्कला हात न लावता चालवून पाहावे. नव्या स्वयंपाकीणबाईंना कायम करण्यापूर्वी चार दिवस पोळ्या लाटायला सांगाव्यात, तसे. आम्ही तीन दिवस परीक्षा घेतली.

पहिल्या दिवशी इंटरनेट, आवाज आणि बँकेचे संकेतस्थळ. सारे सुरळीत. दुसऱ्या दिवशी प्रिंटर. त्याने तासभर अबोला धरला आणि मग आपोआप बोलू लागला. कशाने रुसला आणि कशाने हसला, हे शेवटपर्यंत कळले नाही. सौभाग्यवती शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचे गुणपत्रक 'लिब्रेऑफिस'मध्ये उघडले, बेरजा बरोबर आल्या, पण रकाने थोडे सरकले. "रकाने मी सरळ करीन, बेरजा बरोबर आहेत ना?" असे म्हणून त्यांनी उत्तीर्ण केले. चिरंजीवांचा मोटारी पळवण्याचा खेळ मात्र चालेना. हा दोष मानावा की गुण, यावर घरात दोन तट पडले.

तिसऱ्या दिवशी अप्पा बसले.

येथे आमच्या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे. अप्पा तीर्थोपाध्याय. यात्रेकरू दाराशी आला, की त्याला पहिला प्रश्न असतो, "गाव कोणते? आडनाव कोणते?" मग त्या गावची वही निघते. तिच्यात त्याचे आजोबा, पणजोबा केव्हा आले, बरोबर कोण होते, मुले किती, याची नोंद असते. ही नामावळी. आमच्याकडच्या जुन्या वह्या मोडीत आहेत, नंतरच्या बाळबोधीत. कागद पिवळे पडले, आणि त्र्यंबकच्या पावसाळ्यात घरात ओल अशी धरते की विचारू नये. म्हणून २००२ साली अप्पांनी पहिला संगणक घेतला आणि रोज रात्री जेवण झाल्यावर एक पान, या नेमाने वह्या उतरवायला घेतल्या. बारा वर्षे हा नेम चालला. एकशे बारा गावे झाली. २०१५ च्या यंत्रावर त्या साऱ्या फाइली जशाच्या तशा आणल्या होत्या.

अप्पांनी चष्मा सावरला आणि एका गावाची फाइल उघडली.

पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे, आकडे, यांची नुसती भेळ. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली, तेच. अप्पा काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला आणि उठून ओसरीवर जाऊन बसले. बारा वर्षांच्या रात्री त्या पडद्यावर अशा विस्कटून पडल्या होत्या.

अक्षराचा वेष आणि अक्षर

सुदैव असे, की हार्डडिस्कवरचे काही पुसलेले नव्हते. पेनड्राइव्ह काढताच जुना कारभारी परत आला आणि मराठीही परत आली. मग हे घडले कसे? कन्येने समजावून दिले तेव्हा मराठीचा प्राध्यापक असून मी हे इतकी वर्षे जाणत नव्हतो, याची मला लाज वाटली.

त्या काळी मराठी टंकनाचे अनेक प्रोग्रॅम असे होते, की संगणकाच्या पोटात ते मराठी साठवीतच नसत. साठवीत इंग्रजी अक्षर. त्यावर मराठी रूपाचा अंगरखा चढवीत. हा अंगरखा म्हणजे त्या कंपनीचा फाँट. दर कंपनीचा अंगरखा निराळा. अंगरखा नाही, की आत उघडे इंग्रजी! म्हणजे अप्पांनी बारा वर्षे जे लिहिले, ते मराठी दिसत होते, मराठी नव्हते. हा दोष नव्या कारभाऱ्याचा नव्हता. तो असाच केव्हातरी, नवे यंत्र घेतल्यावरही, उघडा पडला असता.

यावर उपाय १९९१ पासून जगात आहे. त्याचे नाव युनिकोड. त्यात जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे, आणि २०१४ साली आपल्या मोडीलाही तेथे स्थान मिळाले. युनिकोडमधले 'क' कोणत्याही कारभाऱ्याच्या हाती 'क'च राहते; फाँट बदलला तर फक्त वळण बदलते. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला 'मुक्ता' नावाचा सुंदर देवनागरी फाँट कोणालाही मोफत वापरता येतो. ज्या गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे, तेथे त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव घेऊन अक्षरे आली, याचा अप्पांना मनापासून आनंद झाला. आणि ओसरीवरून ते आत आले, ते या नावामुळेच असे मला वाटते.

मग आम्ही सगळ्या फाइलींच्या दोन प्रती काढल्या. जुन्या फाँटचे युनिकोड करून देणारा एक प्रोग्रॅम कन्येने मिळवला, आणि एकशे बारा गावे दोन रात्रींत रूपांतरित झाली. पण यंत्राचे मराठी ते यंत्राचेच! कोठे ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडली, कोठे रफार एक घर पुढे सरकला. 'ऱ्या' तर जागोजागी 'र्या' झाला. त्यामुळे एका नोंदीत 'आचाऱ्यांना' दिलेले दहा रुपये 'आचार्यांना' पोचले. पळी सोडून स्वयंपाकी पीठावर जाऊन बसला!

त्या दिवाळीत आमच्या घरी फराळ झाला, की वाचन होई. अप्पा कागदी वही घेऊन मोठ्याने वाचत, कन्या पडद्यावर पाहून दुरुस्त करी. आई मधूनच म्हणे, "ही मंडळी मला आठवतात, लाडू घेऊन आली होती." दारात पणती, आणि आत नावे, नुसती नावे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत चाळीस गावे तपासून झाली. मग आम्ही हार्डडिस्कवर मिंट कायम बसवले.

कोणी बदलावे, कोणी बदलू नये

वाचकांनी लगेच आपापले संगणक उघडावेत, असे मी सुचवीत नाही. ज्यांचे हिशेबाचे किंवा सहीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालते, त्यांनी ते आधी पाहावे. पेनड्राइव्हवरून चार दिवस प्रयोग करावा. प्रती दोन काढाव्यात, आणि एक घराबाहेर ठेवावी. पण कारभारी बदला वा ठेवा, एक गोष्ट प्रत्येकाने याच आठवड्यात करावी. घरातली जुनी मराठी फाइल, आजोबांच्या आठवणी असोत, लग्नाची यादी असो की प्रबंध असो, उघडून तिचा फाँट बदलून पाहावा. अक्षरे मराठीच राहिली तर निश्चिंत असावे. भेळ झाली तर आजच रूपांतराला लागावे. कारण तो अंगरखा जोवर घरात आहे, तोवरच आतला माणूस ओळखता येतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे डोंगर आहेत. कागद आहेत, शाई आहे, वाचणारे थोडे. ज्या नानासाहेब पेशव्यांनी आमचे त्र्यंबकेश्वराचे देऊळ बांधायला घेतले, त्यांचे दगड कोणालाही दिसतात. त्यांच्या काळचे कागद वाचायला मोडी शिकावी लागते.

पौष वद्य एकादशीच्या यात्रेत एक बाई आल्या. सासरच्या गावच्या वहीत त्यांना काही नको होते. त्यांना आपल्या आईच्या माहेरचे नाव हवे होते, आणि गाव आठवत नव्हते. पूर्वी अशा वेळी अप्पा हात जोडत. गावावाचून वही निघत नसे. त्या दिवशी कन्येने आडनाव टंकले आणि एकशे बारा गावांतून एकदम शोध घेतला. तीन ठिकाणी ते आडनाव निघाले. तिसऱ्या ठिकाणी १९५६ सालची नोंद होती, आणि मुलांच्या नावांत शेवटी एक मुलगी. बाईंनी पडद्याला हात लावला. अप्पांनी मात्र उठून ती वही काढली आणि मूळ पान त्यांच्यापुढे धरले. "यंत्राने सापडले," ते म्हणाले, "पण बघायचे ते येथे."

राहिलेल्या नऊ वह्या मोडीत आहेत. एम. ए. होऊनही मला मोडी अडखळतच वाचता येते. आता रोज रात्री जेवण झाल्यावर अप्पा मला एक पान शिकवतात.