तार एक, वाटेकरी अनेक

गावोगावी इंटरनेट पोचवणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या आखणीत ग्रामपंचायतीमागे किमान १०० एमबीपीएस वेग धरलेला आहे; जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, मंठा तालुक्यांनाही हाच हिशेब. गावात त्या वेगाची वाटणी मुख्यतः टीसीपी हा इंटरनेटचा थर करतो. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे गर्दीमुळे एका जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० वर कोसळला. मग व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला (१९८८): माहितीचं पाकीट हरवलं, की पाठवणाऱ्यानं वेग निम्म्यावर आणायचा. मात्र हा थर माणसं नव्हे, जोडण्या मोजतो. समजा, एका डाउनलोड अ‍ॅपनं नऊ जोडण्या उघडल्या आणि आपले सरकार सेवा केंद्रानं एकच. बाकी सारं सारखं असेल, तर वाटणी साधारण ९० विरुद्ध १०! याला समन्याय म्हणणं जरा धाडसाचंच. खालच्या आयपी थराला तर वाटेकरी किती हेही ठाऊक नसतं. पत्ता पाहून पाकीट पुढं ढकलणं, एवढंच त्याचं काम.