‘येतोच’ म्हणण्याआधी
लेखमाला ‘मांडव दूरदेशी’ : भाग ५

लग्नपत्रिकेतल्या अगत्याच्या आमंत्रणाला नकार देण्याची पद्धत बुलडाणा जिल्ह्यात नाही. पत्रिका घेऊन आलेल्याला चहा पाजायचा आणि ‘येतोच’ म्हणायचं, एवढंच. मग कापूस वेचायचा राहतो, मजूर मिळत नाहीत, त्याच दिवशी मेहकरला दुसरं लग्न निघतं, आणि ‘येतोच’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण येत नाहीत. त्याचा राग कुणी धरत नाही. शंभर पानं कमी उठली काय नि जास्त उठली काय, पंगत सावरून घेते. तेच लग्न थायलंडमध्ये फुकेतला, बालीला किंवा दुबईला ठरलं की हा सैलपणा महागात पडतो. तिथलं हॉटेल पाहुण्यांच्या आकड्यावर खोल्या राखून ठेवतं आणि ठरलेली तारीख उलटली की रिकाम्या खोलीचेही पैसे सहसा यजमानाकडून वसूल करतं. म्हणून माझं म्हणणं असं, की परदेशातल्या लग्नात पाहुण्याचं पहिलं कर्तव्य हजर राहणं हे नव्हे. वेळेत, स्पष्ट आणि खरं उत्तर देणं हे आहे. पत्रिका मिळाल्यापासून आठवड्याच्या आत दिलेला नकार हा यजमानाला दिलेला आहेरच समजावा.

एवढी घाई कशासाठी, असं कुणी विचारेल. उत्तर वऱ्हाड या शब्दातच आहे. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात लग्नासाठी विलायतेला निघालेली खेड्यातली मंडळी उभी केली आणि महाराष्ट्राला वर्षानुवर्षं हसवलं. त्यातली गंमत अशी, की वऱ्हाड एका गठ्ठ्याने निघतं आणि विमानतळ मात्र माणसं एकेक करून मोजतो. ट्रॅव्हल्सच्या गाडीत चारजण जास्त कोंबता येतात; पासपोर्टाच्या खिडकीपाशी नवरदेवाच्या मामालाही कुणी ओळखत नाही. नाव, जन्मतारीख, व्हिसा, परतीचं तिकीट ज्याचं त्याने दाखवायचं. मामींचं नाव आधारवर सासरचं आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं असेल, तर ती दुरुस्ती लग्नाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ (स्थलांतर-तपासणी आवश्यक) असा शेरा असू शकतो. तो नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे, लग्नाला जायला त्याची आडकाठी नाही. पण ज्या देशांसाठी हा शेरा लागू होतो त्यांच्या यादीत अमिराती, थायलंड, इंडोनेशिया असल्याने चौकशी होऊ शकते. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पत्रिका हाताशी असली की ती लवकर आटोपते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘एजंट सगळं बघतो’. एजंट तिकीट काढतो, व्हिसाचा अर्ज भरतो, हे खरं. पण अर्जात लिहिलेल्या माहितीची आणि बॅगेत भरलेल्या वस्तूंची जबाबदारी प्रवाशाचीच राहते. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाची माहिती ऑनलाइन भरणं सक्तीचं केलं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ती भरायची असते आणि तिला एक पैसाही लागत नाही. (त्यासाठी पैसे मागणारे मात्र भेटतात.) व्हिसाचे नियम तर कधीही बदलतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या चुलतभावाच्या शब्दापेक्षा त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ बघितलेलं बरं.

खरा घोळ होतो तो बॅगेत. रुखवत म्हटलं की अनारसे आले आणि अनारशावर खसखस आली. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात सुटी मिळणारी ही खसखस अफूच्या बोंडातली असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंमध्ये मोडते. दुबईच्या लग्नाला डब्यात अनारसे किंवा खसखस घातलेला काळा मसाला नेणारी मावशी कायद्याच्या नजरेत मावशी राहत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनाही तिथे आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन तर कुठल्याही देशात जवळ हवंच. ओटीसाठी घेतलेली सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी आपल्याच विमानतळावर अडते, कारण त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. अंगावरचे भारी दागिने नेणार असाल, तर निघताना भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते परदेशात घेतले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागणार नाही. भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. खामगावच्या चांदीचं ताट-तांब्या आहेरात द्यायचा असेल, तर नवरा-नवरी गावी आल्यावर इथेच द्यावा. ताटही शाबूत राहतं आणि परक्या देशाच्या सीमाशुल्काचा प्रश्नही उरत नाही.

मुळात लग्न परदेशात करायचंच कशाला, हाही आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही तो उपस्थित केला होता. पण तो प्रश्न यजमानाला विचारायचा. ज्याच्या हातात पत्रिका पडली आहे, त्याच्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं. खर्चासाठी कर्ज काढावं लागत असेल, तर ‘नाही’ म्हणण्यात कमीपणा मानू नये. ‘हो’ म्हणायचं असेल, तर मलकापूर किंवा शेगावहून मुंबईला जाणारी रेल्वे विमानाच्या आदल्या दिवशीची धरा. गाडी उशिरा धावली म्हणून विमान थांबत नाही. आणि उत्तर कळवण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टाची मुदत बघा. थायलंड, इंडोनेशिया, अमिराती या देशांना ती पोचल्यापासून किमान सहा महिने शिल्लक लागते. लग्न फेब्रुवारीत असेल, तर पासपोर्ट ऑगस्ट संपेपर्यंत चालणारा हवा.