राष्ट्रपतींची निवडणूक आणि भूमचे मत

भारताच्या राष्ट्रपतींची निवड जनता थेट करत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे केवळ निवडून आलेले सदस्य मिळून जो निर्वाचकगण होतो, तो ही निवड करतो, आणि नामनियुक्त सदस्यांना किंवा विधान परिषदेच्या आमदारांना त्यात स्थान नसते. धाराशिव जिल्ह्यातील भूमचा मतदार या निवडणुकीपर्यंत पोहोचतो तो दोन वाटांनी, एकदा भूम, परंडा आणि वाशी या तालुक्यांच्या परंडा विधानसभा मतदारसंघातून निवडलेल्या आमदारामार्फत आणि दुसऱ्यांदा लोकसभेच्या खासदारामार्फत.

आमदाराच्या मताला राज्याच्या लोकसंख्येनुसार मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित जागांनी भागायचे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा १,००० ने भागायचे, असा हा हिशेब आहे. महाराष्ट्राची ५,०४,१२,२३५ ही लोकसंख्या आणि २८८ जागा धरल्या की १७५ हे मूल्य येते, तर उत्तर प्रदेशात ते २०८ आणि सिक्कीममध्ये अवघे ७ भरते. लोकसंख्येचा हा आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे. कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून ४२ व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली, त्यामुळे आज पन्नाशीच्या आतला एकही भूमकर या गणितात मोजलेलाच नाही. भूमच्या मताचा पत्ताही मध्यंतरी बदलत गेला. १९५२ साली पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली तेव्हा हा तालुका हैदराबाद राज्यात होता, १९५७ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात होता आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रात.

अशी अप्रत्यक्ष पद्धत घटनाकारांनी विचारपूर्वक स्वीकारली. घटना समितीत के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट निवड व्हावी असा आग्रह धरला होता, पण तो मान्य झाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा मांडताना स्पष्ट केले होते की, भारताचा राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखा कारभाराचा प्रमुख नसून त्याचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे राहील, म्हणजे तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य चालवणार नाही. ज्याला देशभरातील कोट्यवधी लोकांनी थेट निवडले आहे, तो मंत्रिमंडळाचा सल्ला मुकाट्याने मानील अशी अपेक्षा करणे कठीण होते. तरीही राज्यांच्या आमदारांना मताधिकार देऊन त्याला केवळ संसदेतील बहुमताचा माणूस होऊ द्यायचे नव्हते. ही कसरत कागदावर जमली, पण पुढे पक्षांनी तिचा तोल आपल्याकडे झुकवला. त्याला मोठा अपवाद ठरली ती १९६९ ची निवडणूक, आणि तिच्यात दोन मराठी माणसांचा संबंध होता.

राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे मे १९६९ मध्ये निधन झाल्यावर काँग्रेसच्या संसदीय मंडळाने जुलैमध्ये बंगळूरला नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, पण सिंडिकेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ नेत्यांच्या गटाने रेड्डींचा आग्रह धरला आणि यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींच्या पारड्यात पडले. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी १९ जुलैला बँक राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली, दुसऱ्या दिवशी पद सोडले आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. पुढे इंदिरा गांधींनी पक्षाच्या खासदार-आमदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले. तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे, ज्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम देतो, आणि पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मूल्य मिळाले नाही तर सर्वांत मागे राहिलेल्याला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली, तर विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. देशमुख बाद होताच त्यांच्या मतांचा ओघ रेड्डींकडे वळला, पण काही मते गिरींकडेही गेली आणि ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असा निकाल लागला. खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते, म्हणजे अंतर साधारण पंचवीस खासदारांच्या मतांएवढे होते. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली. निवडणुकीला आव्हान मिळाल्यावर गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीसाठी उपस्थित राहिले, आणि याचिका फेटाळली गेली. १९७४ मध्ये मात्र कायद्याने उमेदवाराला दहा सूचक व दहा अनुमोदकांची अट घातली, जी १९९७ मध्ये प्रत्येकी पन्नासवर गेली. हौशी उमेदवार यामुळे थांबले हे खरे, पण पक्षांच्या आशीर्वादाशिवाय उभे राहण्याची वाटही जवळजवळ बंद झाली.

मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप येथे लागू होत नाही. जुलै २०२२ मध्ये भूमच्या मतदारांचे आमदार तानाजी सावंत शिवसेनेच्या शिंदे गटात आणि खासदार ओमप्रकाश राजेनिंबाळकर ठाकरे गटात होते, आणि दोन्ही गटांनी द्रौपदी मुर्मू यांनाच पाठिंबा जाहीर केला होता. पक्षचिन्हापर्यंत गेलेला वाद या निवडणुकीत दिसला नाही.

निवडून आलेली व्यक्ती संविधानाचे रक्षण करण्याची शपथ घेते, पण कसोटीच्या क्षणी तिचा स्वभाव फारसा उपयोगी पडलेला नाही. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणून ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी घोषणा करू नये असे बंधन घातले, आणि मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. व्यक्तीपेक्षा लेखी प्रक्रियेवर ठेवलेला हा भरवसा अधिक शहाणपणाचा होता, पण तो आणीबाणीपुरता राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठवण्यात आली, ती केंद्राच्या कामकाज नियमावलीतील बाराव्या नियमाचा आधार घेऊन. या नियमानुसार पंतप्रधान मंत्रिमंडळाची बैठक न घेता निर्णय करू शकतात आणि मंजुरी नंतर घेता येते. संविधानाच्या मजकुराला यात कुठे धक्का लागला नाही, आणि म्हणूनच राष्ट्रपती भवनात कोण आहे यापेक्षा तिथे पोहोचणारा कागद कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.